बावन्नातून सत्तावीस गेले, पस्तीस उरले?

(प्राथमिक वर्गांना गणित शिकवणाऱ्या वाचकांच्या पत्रांना उत्तरं. या वेळी वजाबाकीच्या तक्रारी सर्वांत जास्त आल्या, म्हणून पहिल्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.)

प्रश्न : बाई, माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. हातच्याची वजाबाकी शिकवून झाली, फळ्यावर पुन्हापुन्हा करून दाखवली, वह्या भरून सराव झाला. तरी बरीच मुलं ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहितात. जवळ बसून समजावलं की माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ३५. आणखी किती सराव घ्यायचा?

उत्तर : सराव आजच थांबवा. मुलं चुकीच्या पद्धतीचा सराव करताहेत आणि त्यात पटाईत होत चालली आहेत.

३५ हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नाही. एककाच्या घरात वर २, खाली ७. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढले. दशकाच्या घरात पाचातून दोन काढले. दोन्हीकडे नियम एकच: मोठ्या अंकातून लहान वजा करायचा, मग मोठा वर असो की खाली. हा नियम त्याला दिला कुणी? 'लहानातून मोठी संख्या जात नाही' हे पहिलीपासून आपणच तर घोकून घेतो. मूल बिचारं आपला शब्द पाळतंय. (ते वाक्य खरंही नाही. वरच्या वर्गात ऋण संख्या आल्या की गुपचूप मागे घ्यावं लागतं. माझ्या वर्गात ते मी बोलूच देत नसे. 'सात द्यायला दोन सुटे पुरत नाहीत, अजून सुटे करू' असं म्हणायचं. लांबलचक आहे, पण खरं आहे.)

ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ बिघडावी तशी मुलाच्या रीतीत एखादीच पायरी बिघडलेली असते आणि ती बिघडलेली रीत ते इमानाने वापरत राहतं, असं त्यांना दिसलं. तेव्हा कुणाची कोणती पायरी बिघडली आहे ते आधी शोधा. त्याला पानभर उदाहरणं लागत नाहीत. तीन द्या: ५२ − २७, ६० − ३४ आणि ४०३ − १७८.

ज्याची उत्तरं ३५, ३४ आणि ३७५ आली, तो सगळीकडे अंक उलटे करतोय. ज्याने ६० − ३४ = ३० लिहिलं, त्याच्या मते शून्यातून काहीच काढता येत नाही, म्हणून शून्याचं शून्य. आणि ज्याची पहिली दोन बरोबर आहेत, पण तिसऱ्याचं उत्तर २३५ आलं, त्याला हातचा चांगला येतो. त्याने चारशेतलं एक शतक मोडून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकाच्या घरात दहाचे नऊ करायचे राहिले. या तिसऱ्या मुलाला पुन्हा बावन्न-सत्तावीसपासून शिकवणं म्हणजे त्याचा वेळ फुकट घालवणं, आणि ते त्याला कळतंही. म्हणून म्हणते, वर्गाचे तीन गट पाडा आणि प्रत्येकाला वेगळं काम द्या.

अंक उलटे करणाऱ्या गटाला मी ६० − ३४ पासून सुरू करायला लावते, कारण त्यांचं उत्तर ३४ येतं आणि तिथे चूक आपोआप उघडी पडते. एवढंच विचारा: "साठातले चौतीस दिलेस, चौतीस उरले. दिलेले आणि उरलेले परत एकत्र केले तर किती?" मूल बेरीज करतं, अडुसष्ट येतात. आता तुम्ही गप्प बसा. 'बघ, चुकलं की नाही' असं म्हणालात तर सगळा खेळ खलास.

मग काड्या काढा. दहा-दहाचे पाच गठ्ठे, रबरबँड लावलेले, आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे," म्हणा आणि हात मागे बांधून उभं राहा. मूल बहुधा आधी दोन गठ्ठे देतं. मग दोन्ही सुट्या. मग थबकतं, ओठांतल्या ओठांत 'बावीस' म्हणतं आणि पुढच्या गठ्ठ्याचं रबर काढतं. त्यातल्या पाच तुम्हाला, पाच त्याच्याकडे. शिल्लक दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. हेच मूल काल वहीत पस्तीस लिहीत होतं! हाताला वजाबाकी येते, ती वहीत उतरत नाही, एवढंच दुखणं आहे.

एक गोष्ट लक्षात आली असेल: हाताने करताना मुलाने आधी दशक दिले, वहीत आपण आधी एकक घ्यायला लावतो. दोन्ही बरोबर आहे, आणि हे मुलांना मोकळेपणाने सांगावं. दुसऱ्या फेरीत "आधी सात सुट्या दे, गठ्ठे नंतर" असं सांगा. आता गठ्ठा सुरुवातीलाच सोडावा लागतो. चार गठ्ठे, बारा सुट्या. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मुलाने वहीत ५ खोडून ४ लिहायचे आणि २ च्या जागी १२. एकाच्या हातात काड्या, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. काडीवाल्याने काही केल्याशिवाय पेन्सिलवाल्याने एक रेघही ओढायची नाही, असा नियमच करा. सोमवारी काड्या आणि मंगळवारी वही असं केलं तर मुलाच्या लेखी ते दोन वेगळे विषय होतात. साहित्य वापरूनही उपयोग होत नाही असं जे शिक्षक म्हणतात, त्यांच्याकडे बऱ्याचदा हीच फट राहिलेली असते.

तिसऱ्या गटाला, शून्यावर अडखळणाऱ्यांना, दुसरा रस्ताही दाखवा. एक कोरी रेघ ओढा. नेदरलँड्समधल्या शिक्षकांनी ही आकडे न छापलेली संख्यारेषा प्राथमिक वर्गांत रुळवली. डाव्या टोकाला १७८, उजव्या टोकाला ४०३. १७८ वरून १८० वर उडी, २. तिथून २०० वर, २०. तिथून ४०० वर, २००. मग ३. उड्यांची बेरीज २२५. हातचा नाही, खोडाखोड नाही. वहीतली रीतही त्यांना यायला हवीच, पण दुसऱ्या वाटेने आलेलं २२५ हाताशी असलं की २३५ वर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

प्रश्न : नमस्कार. चौथीला ८ + ४ = □ + ५ हे उदाहरण दिलं. जवळजवळ सगळ्यांनी चौकटीत १२ लिहिले. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने १७ लिहिले. इतकं सोपं उदाहरण का चुकतं? लक्ष नसतं म्हणून?

उत्तर : लक्ष नसतं तर उत्तरं शंभर प्रकारची आली असती. तुमच्याकडे दोनच प्रकारची आली आहेत, यातच सगळं आलं.

आणि ही तुमच्याच वर्गाची गोष्ट नाही. हेच उदाहरण अमेरिकेत पहिली ते सहावीच्या मुलांना देऊन पाहिलं होतं. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहावीची १४५ मुलं होती. एकूण एक मुलांनी १२ किंवा १७ लिहिलं. ७ एकानेही नाही.

मुलांच्या दृष्टीने '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा हुकूम. तसं का होऊ नये? आपण देतो ती जवळपास सगळी उदाहरणं डावीकडे क्रिया आणि उजवीकडे रिकामी जागा अशीच असतात. कॅल्क्युलेटरवर ती कळ दाबली की उत्तर येतं. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितीने १५५७ साली हे चिन्ह पहिल्यांदा छापलं तेव्हा दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा निवडल्या, कारण याहून सारख्या दोन वस्तू त्याला सुचल्या नाहीत. ती समानता आपल्या फळ्यावरून पुसली गेली आहे.

करायचं काय, तर उदाहरणांचा साचा मोडायचा. ७ = ३ + ४ असं लिहा. पहिल्यांदा मुलं सांगतील की तुम्ही उलटं लिहिलंय. ५ + २ = ४ + ३ लिहा. ६ = ६ लिहा; यावर तर हमखास भांडण होतं, होऊ द्या. मग रोज तासाच्या सुरुवातीला एकच विधान फळ्यावर: खरं की खोटं? ३७ + २८ = ३८ + २७. गुणी मूल दोन्हीकडची बेरीज करून सांगेल. एखादं म्हणेल, "करायलाच नको, इकडचा एक तिकडे गेलाय." त्या मुलाला फळ्याशी बोलवा आणि सगळ्यांना नीट कळेपर्यंत त्यालाच बोलू द्या. दुसऱ्या दिवशी ४८ + ३६ = ५० + ३४. आठवडा संपता संपता ५२ − २७ = ५५ − ३० द्या आणि वजाबाकीत नियम का बदलतो यावर त्यांना झगडू द्या. बीजगणिताची खरी सुरुवात इथे होते, क्ष-य नंतर येतात.

आणि एक अप्रिय गोष्ट. तोंडी उदाहरण सोडवताना आपल्यापैकी बरेच जण फळ्यावर ८ + ४ = १२ + ५ = १७ असं एका दमात लिहितात. आठ अधिक चार बरोबर सतरा, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या हुशार मुलीने १७ आणले कुठून, हे मला तरी कोडं वाटत नाही.

प्रश्न : आमच्या मुख्याध्यापकांचा आग्रह आहे की रोज पहिल्या तासाला सगळ्या वर्गाने एका सुरात पाढे म्हणायचे. नवे शिक्षक म्हणतात घोकंपट्टी बंद करा. तुम्ही कुणाच्या बाजूने?

उत्तर : पाढे तोंडपाठ हवेत. त्यावर माझी तडजोड नाही. ज्याला सात आठे छप्पन्न चटकन आठवत नाही, त्याचा भागाकार आणि अपूर्णांक पुढे रखडतो, कारण डोकं त्यातच अडकून पडतं.

पण एका सुरात म्हणणं आणि पाठ असणं यांत अंतर आहे. गाण्याच्या ओघात म्हणणाऱ्या मुलाला मधूनच 'सात आठे?' विचारा, ते मनात सात एके सातपासून सुरू करतं. म्हणजे पाढा आला, पण त्यातली जोडी सुटी आली नाही. म्हणायला लावायचं असेल तर खुशाल लावा, पण विचारताना क्रम मोडून विचारा.

शिवाय ओझं वाटतं तेवढं नाही हेही मुलांना दाखवा. दहा बाय दहाचा तक्ता म्हणजे शंभर गुणाकार. ३ × ८ आणि ८ × ३ एकच, हे पटलं की उरतात ५५. त्यातले एक ते पाचचे आणि दहाचे आधी येतात. मग खरोखर अवघड असे दहाच उरतात: सहा ते नऊ या अंकांच्या आपापसांतल्या जोड्या. मुलांना तक्त्यावर स्वतः काट मारू द्या. चौकटीच्या कागदावर सात ओळी, ओळीत आठ चौकटी रंगवल्या आणि पाचव्या ओळीखाली रेघ मारली की वर चाळीस, खाली सोळा. छप्पन्न विसरलं तरी पुन्हा उभं करता येतं. माझ्या लेखी पाठांतर याच्यानंतर.

प्रश्न : शाब्दिक उदाहरण वाचायच्या आधीच मुलं विचारतात, "बेरीज करायची की वजाबाकी?" आम्ही खुणेचे शब्द शिकवले आहेत: 'एकूण', 'जास्त' आलं की बेरीज, 'उरले', 'कमी' आलं की वजाबाकी. तरी चुकतात.

उत्तर : तरी नाही, त्यामुळेच चुकतात. हे घ्या: 'मीराकडे ८ पेन्सिली आहेत. त्या समीरच्या पेन्सिलींपेक्षा ३ ने जास्त आहेत. समीरकडे किती?' 'जास्त' दिसलं, बेरीज झाली, अकरा. खुणेचे शब्द शिकवणं म्हणजे उदाहरण न वाचता कसं सोडवावं हे शिकवणं.

फ्रान्समध्ये ग्रनोब्ल इथल्या एका गटाने १९७९-८० च्या सुमारास लहान मुलांना असं उदाहरण दिलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांतून उत्तर काढून दिलं. वर्गात एकदा हे करून पाहा. हसायला येईल, मग थोडी भीतीही वाटेल.

उपाय साधा आहे. उदाहरणातले आकडे काढून टाका आणि वाचा: 'ग्रंथालयात काही पुस्तकं होती. त्यातली काही मुलांनी घरी नेली.' काय झालं ते सांगा, चित्र काढा. पुस्तकं वाढली की घटली? आता प्रश्न काय विचारता येईल? मुलांनीच विचारायचा. आकडे सर्वांत शेवटी. एका तासात दोनच उदाहरणं होतील. होऊ देत.

प्रश्न : प्रश्न विचारला की वर्ग नुसता बघत बसतो. ठरावीक तीन-चार हात वर. बाकीच्यांना बोलतं कसं करायचं?

उत्तर : थांबून. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब यायला लागली, जास्त मुलं बोलायला लागली आणि 'माहीत नाही' कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून मोजा म्हणजे कळेल. मनात मोजत जा, नाहीतर जीभ वळवळतेच. आणि हात वर करायला लावू नका. उत्तर तयार असेल त्याने छातीपाशी अंगठा धरायचा, दुसरी रीतही सुचली तर त्याच्या शेजारी एक बोट. वर गेलेले हात पाहून बाकीची मुलं विचार करणं सोडून देतात.

प्रश्न : वर्गातली चार-पाच मुलं दहा मिनिटांत सगळं सोडवून मोकळी होतात आणि मग दंगा. त्यांना जादा उदाहरणं दिली तर म्हणतात, "लवकर केलं म्हणून शिक्षा का?" त्यांना काय द्यावं? आणि बाकीच्यांचंही नुकसान नको.

उत्तर : मुलांचं म्हणणं रास्त आहे. लवकर झालं म्हणून तेच आणखी, हा कुठला न्याय?

त्यांना कापरेकरांचा खेळ द्या, आणि फक्त त्यांनाच नको, सगळ्यांना द्या. द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) स्वतः शाळेत शिक्षक होते आणि संख्यांशी खेळण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत मांडली. तिचं तीन अंकी रूप तिसरी-चौथीला छान जमतं.

कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे मात्र नकोत. समजा ३१८. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, ८३१. उलट लावा, १३८. वजा करा: ६९३. या उत्तरावर पुन्हा तेच: ९६३ − ३६९ = ५९४. पुन्हा: ९५४ − ४५९ = ४९५. आणखी एकदा करा, पुन्हा ४९५. प्रत्येकाने वेगळी संख्या घेतलेली असते, आणि थोड्या वेळाने वर्गात इकडून तिकडून 'माझंही चारशे पंच्याण्णव' सुरू होतं. जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत सगळे तिथे पोचतात.

यात वजाबाकीचा भरपूर सराव होतो, तोही हातच्याचा, आणि मुलांना तो सराव वाटत नाही. उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला सांगावं लागत नाही, कारण मधला अंक प्रत्येक वेळी ९ यायलाच हवा आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. अंक उलटे करून वजा करणाऱ्याचं ८३१ − १३८ चं उत्तर ७०७ येतं. मधे नऊ नाही, म्हणजे शेजारचाच त्याला अडवतो.

लवकर होणाऱ्या मुलांना मग खरं काम द्या: मधे नेहमी ९ च का? सांगू नका. दशकाच्या घरात वर-खाली अंक एकच असतो, आणि वरच्यातला एक आधीच एककाला दिलेला असतो, इथवर ती स्वतः पोचतात. आपल्या शब्दांत, अडखळत का होईना, हे सांगणारं मूल तिसरीतही भेटतं. तिथून पुढे चार अंकांवर जाऊ द्या: ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. चार अंकांना जास्तीत जास्त सात पायऱ्या. सर्वांत जास्त पायऱ्या घेणारी संख्या कोण शोधतं, यावर आठवडाभर फळ्याचा एक कोपरा राखून ठेवा.

फक्त एक खबरदारी आधीच सांगून ठेवा. ५४४ − ४४५ = ९९ आलं तर ते ०९९ असंच लिहायचं आणि पुढे ९९० − ०९९ करायचं. ते शून्य सोडलं की ९९ − ९९ होऊन मूल शून्यावर जाऊन बसतं आणि खेळ मोडला असं समजून वही मिटतं.